फणसाच्या फळीत उरलेलं पाणी

लाकूड सुकलंय असं नुसतं तोंडाने सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. मग तो सुतार असो, वखारवाला असो की देवळाच्या कमिटीचा अध्यक्ष. 'दोन उन्हाळे खाल्लेत हो त्याने, खडखडीत झालंय,' असं म्हणून जी दारं विकली जातात, ती पुढच्या चैत्रात फाटतात आणि गिऱ्हाईक स्वतःच्या नशिबाला बोल लावत बसतं. नशिबाचा इथे काही संबंध नाही. लाकडाच्या पोटात पाणी होतं आणि ते कुणी मोजलं नव्हतं. बस्स.

दिवाळी अंकात नोकरीच्या आठवणी लिहायच्या त्या निवृत्त माणसांनी, अशी आपली रीत. मी अजून तिशीत आहे. पण माझी नोकरी माझ्याआधी निवृत्त झाली, म्हणून लिहिते.

मी गोव्यातल्या साखळीची. वडील दोडामार्गाकडून इकडे आले ते खाणीच्या ट्रकवर ड्रायव्हर म्हणून. मी कॉलेजात असल्यापासून पत्रकं लिहिते. खाणीच्या धुळीवर लिहिली, नदीतल्या रेतीवर लिहिली, रस्त्यासाठी तोडायच्या झाडांवर लिहिली. पत्रकाची एक शिस्त असते: पहिल्या वाक्यात अन्याय, दुसऱ्यात मागणी, तिसऱ्यात सभेची वेळ. लाकडाच्या धंद्यात मला त्या शिस्तीचा फार उपयोग झाला आणि त्रासही तेवढाच झाला.

डिचोलीहून साखळीकडे येताना रस्त्याला लागूनच दामूशेटचा कारखाना होता. खाणी जोरात होत्या तेव्हा तिथे ट्रकांच्या बॉड्या बांधत. त्या कामाला कसलंही लाकूड चालायचं. ओल्याच फळ्या ठोकायच्या, त्या ट्रकावरच सुकायच्या, फाटल्या की बदलायच्या. खाणी बंद पडल्या आणि शेट दारं-खिडक्यांकडे वळला. मग कळलं की दार हे ट्रक नव्हे. दाराला ओलं लाकूड चालत नाही. शेटने कर्ज काढून लाकूड सुकवायची खोली बांधली. आत पंखे, एका भिंतीला गरम हवेचे पाइप, फळ्यांच्या थरांमध्ये हवा खेळायला आडव्या पट्ट्या. त्या खोलीचा हिशेब ठेवायला त्याला विज्ञान शिकलेलं कुणीतरी हवं होतं. मी गेले.

"तूच ना गो ती भाषणां करणारी?" शेटने पहिल्याच दिवशी विचारलं.

"हो."

"कर. पण जेवणाच्या सुट्टीत."

मी सुकवणीच्या खोलीच्या दारावर एक पाटी रंगवून लावली: 'ओलं लाकूड सुकं म्हणून विकणं ही फसवणूक आहे!' शेटने पाटी वाचली. "आधी मीटर घे," तो म्हणाला, "मगे लोकांक चोर म्हण."

त्याचं बरोबर होतं. तोवर आमच्याकडे मीटर नव्हता. फळी गालाला लावून थंड लागते का बघायची, बोटाने टकटक करायची, हातात तोलायची, एवढ्यावर काम चालायचं.

बाहेरच्यांसाठी दोन ओळींत सांगते. लाकडाचा पूर्ण कोरडा भाग शंभर किलो आणि त्याच्या अंगात चौदा किलो पाणी असेल तर त्याला आम्ही चौदा टक्के म्हणतो. उभं झाड पाण्याने भरलेलं असतं. ते कापलं की पाणी निघू लागतं आणि एका टप्प्यानंतर लाकूड आकसू लागतं. आकसायचं ते आकसून झाल्यावर दार करायचं, आधी नाही. आकसणं संपलं का, एवढंच मीटर सांगतो.

मीटर दोन प्रकारचे. एकाला दोन अणकुचीदार सुया असतात. त्या लाकडात टोचायच्या. एकीतून दुसरीकडे वीज किती सहज जाते ते तो बघतो. ओलं लाकूड वीज जाऊ देतं, सुकं अडवतं. दुसऱ्याला सुया नसतात, खाली गुळगुळीत पट्टी असते. ती लाकडावर दाबली की आकडा येतो, लाकडाला ओरखडासुद्धा नाही. आमचे सुतार पहिल्याला सुयेवाला म्हणत आणि दुसऱ्याला इस्त्री.

विकणारा पणजीहून आला. टाय लावून आला होता. भर वैशाखात.

"मॅडम, यात शंभरच्या वर जातींची लाकडं भरलेली आहेत."

"फणस?"

"ओक आहे. मेपल आहे. चेरी आहे."

"चेरी आमी केकावर घालतो," शेट म्हणाला.

"फणस आहे का?" मी परत विचारलं. "माटी? किंदळ? आमच्या रानातलं एक तरी झाड?"

"सागवान आहे, मॅडम. सगळं सागवानावर ठेवा आणि चालवा."

मी त्याला तिथेच सुनावलं. ज्या मुलखात विकायचं तिथलं एक झाड ठाऊक नाही आणि म्हणे शंभर जाती! तो बिचारा घाम पुसत राहिला. यंत्र त्याने थोडंच बनवलं होतं? पण राग यायचा तो आलाच, आणि अजूनही येतो. तरी मीटर घ्यायला जाणाऱ्यांना माझं सांगणं आहे: पहिला प्रश्न हाच विचारा. लाकडाची जात बदलली की आकडा बदलतो. दुसरा प्रश्न, किती खोलवर बघतो? तिसरा, आकडा खरा की खोटा हे तपासायचा ठोकळा सोबत देता का? विकणारा तीनही प्रश्नांना हसला तर दुकान बदला.

आता आम्ही कुठला घेतला आणि का, ते सांगायचं तर हळर्णच्या जयवंतीकाकीपासून सुरुवात करायला हवी.

पेडण्याच्या बाजूला रस्ता रुंद करायचं निघालं तेव्हा हळर्णला काकीचं घर वाचलं, अंगण गेलं. अंगणात एक फणस होता आणि फणसाला लागून बाव, म्हणजे विहीर. दोन्ही मोजणीच्या रेघेत आली. त्या झाडासाठी पत्रक मी लिहिलं होतं. सभा झाली, घोषणा झाल्या, निवेदन दिलं. साहेबांनी ते दोन्ही हातांनी घेतलं. साहेब निवेदन नेहमी दोन्ही हातांनी घेतात. मग एका सकाळी यंत्र आलं आणि दुपारपर्यंत फणस आडवा झाला. दुसऱ्या दिवशी बाव दगडमातीने बुजवली. काकी उंबऱ्यावर बसून होती. ती रडली नाही, ओरडली नाही. मी मात्र ओरडून ओरडून घसा बसवून घेतला होता.

"काकी," मी बसलेल्या आवाजात म्हटलं, "लाकूड तरी त्यांना नेऊ देऊ नका. आमच्याकडे आणा."

"हाडून काय करू?"

"दार करूया. तुमच्या घराचं पुढचं दार."

घराचं पुढचं दार तेव्हा पत्र्याचं होतं. यजमान असताना लाकडाचं करायचं राहून गेलेलं. काकीने आडव्या झाडाकडे पाहिलं, मग पत्र्याकडे. "चवथीक गणपती त्या दारातसून येतलो?"

"येईल," मी म्हटलं. पत्रकाच्या शेवटी आम्ही 'विजय आपलाच' असं लिहितो, त्याच सवयीने.

पेडण्याच्या गिरणीत त्या झाडाच्या दोन इंची फळ्या पाडून घेतल्या आणि टेम्पोने डिचोलीला आणल्या. पिवळ्याधमक, हळदीसारख्या. टोकं फाटू नयेत म्हणून त्यांना रंग लावला आणि पट्ट्या घालून सावलीत रचल्या. एका दाराला लागतील तेवढ्याच फळ्या निघाल्या होत्या. एक बिघडली तर बदली नाही. बाजारात दुसरा फणस मिळाला असता, पण तो काकीचा नव्हे.

मीटर घ्यायची वेळ आली ती त्याच सुमारास. माझा कल सुयेवाल्याकडे होता. काकी नेमकी त्या दिवशी कारखान्यात आली होती. तिने विकणाऱ्याच्या हातातल्या सुया पाहिल्या आणि उठून उभी राहिली.

"ह्या काय?"

"लाकडात टोचायचं असतं, आजी."

"माज्या फळ्यांक टोचूचा नाय."

"अगदी बारीक भोक पडतं. दिसणारसुद्धा नाही."

"मोजणीवाल्यांनी पण असाच सांगलेला," काकी म्हणाली. "बारीक खिळो मारून नंबराचो पत्रो लावलो. 'काय नाय आजी, नुसतो नंबर.' खिळो मारलो आणि झाड गेला."

विकणाऱ्याने सुयेवाला पेटीत ठेवला आणि इस्त्री काढली. शेटला ती आवडली, कारण ती चकचकीत होती आणि तिचे आकडे लाल दिव्यात दिसत. त्याने ती आधी टेबलावर लावली, मग स्वतःच्या पोटावर. आकडा वरच्या टोकाला जाऊन अडकला. "बघ गो," तो म्हणाला, "माका अजून कापूचो नाय!" सगळे हसले. काकीसुद्धा. इस्त्री घेतली.

त्यानंतर वर्षभर काकी येत राहिली. हळर्णहून बस बदलत यायची, पिशवीत कधी चवळीसारखे अळसांदे, कधी कोकमाची सोलं. माझ्या टेबलावर पिशवी ठेवायची आणि विचारायची, "किती झाला?" मी तिच्यासमोर इस्त्री फळीवर दाबायची. सव्वीस. मग काही आठवड्यांनी तेवीस. मग एकवीस. मला वाटायचं, आकडा उतरतोय म्हणून ती खूश होईल. ती नुसती मान हलवायची आणि फळ्यांच्या राशीला पाठ लावून बसायची. डबाही तिथेच खायची. आमचे सुतार तिला वळसा घालून जात.

एकदा मी म्हटलं, "काकी, एवढ्या लांब कशाला येता? मी फोन करून आकडा सांगत जाईन."

"आकडो घेवन काय करू?" ती म्हणाली. मग फळीवर हात ठेवून, "ह्या पाणी खयचा ता म्हायत असा तुका? आमच्या बावीचा. मुळां बावीत गेल्ली. बाव बुजवली, आता तेचा पाणी काय उरला ता ह्यांच्यात."

आणि मी दर महिन्याला तिला आनंदाने सांगत होते की तुमच्या विहिरीचं पाणी आणखी कमी झालं.

मधल्या काळातलं एक गिऱ्हाईक सांगायलाच हवं, कारण त्याने मला पुढच्या कामाचं शिकवलं. किनाऱ्यावरच्या एका हॉटेलचा माणूस आला. त्याला खोल्यांची दारं हवी होती आणि लाकूड आठ टक्क्यांवर हवं होतं. कागदावर तसं छापून आणलं होतं. परदेशातल्या कुठल्याशा पुस्तकात आठ लिहिलंय म्हणे.

"खोलीत एसी आहे का?" मी विचारलं.

"आत आहे. काही दारं बाहेर, समुद्राच्या तोंडावर आहेत."

"मग आतल्यांना आठ-दहा ठीक. बाहेरच्यांना नको."

"आठ म्हणजे आठ. क्वालिटी हवी."

त्याला पटेना. दिली सगळी आठवर. लाकूड मेलेलं नसतं, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. ते हवेशी देवघेव करत राहतं. कोरडं करून दमट हवेत ठेवलं की ते हवेतलं पाणी ओढून घेतं आणि फुगतं, आणि जिथे हवेचं आणि त्याचं जमतं तिथे थांबतं. आपल्याकडच्या पावसाळ्यात ते आठवर थांबत नाही. आषाढात त्या हॉटेलवाल्याचा फोन आला. समुद्राकडची दारं फुगून चौकटीत घट्ट बसली होती. एका खोलीत पाहुणे अडकले होते आणि त्यांना खिडकीतून बाहेर काढावं लागलं.

"तुमचं लाकूड ओलं होतं!" तो ओरडला.

"तुमचा आठ कुठल्या गावचा?" मी ओरडले. "बर्फ पडणाऱ्या गावचा! तिथे घरात शेगड्या पेटवतात! आमच्या हवेला विचारलंत का?"

शेटने माझ्या हातातून फोन काढून घेतला. पण त्या दिवसापासून आमच्या कारखान्यात बाहेरच्या दारांसाठी बारा ते चौदा हा आकडा ठरला, तो आमच्या हवेचा. पुस्तकातला आकडा पुस्तकाच्या गावात खरा. हे वाक्य मी नंतर एका पत्रकातही वापरलं, वेगळ्या विषयावर.

असो. वर्ष उलटलं. फळ्या हवेत अठरापर्यंत आल्या आणि पुढच्या पावसाळ्यात तिथेच अडकल्या. चवथ जवळ येत होती. शेट म्हणाला, आता खोलीत घाला. घातल्या. पंखे सुरू, गरम हवा सुरू. आकडा भरभर उतरला. सोळा, पंधरा, आणि एका सकाळी इस्त्रीवर तेरा.

"झाला!" शेटने हात चोळले. "कापा. खोलीत दुसरो माल घालूचो असा."

सुताराने एक फळी उचलून बाकावर घेतली. मी दुसऱ्या टोकाला हात लावला आणि मला ती जड वाटली. तेराची फळी हाताला कशी लागते हे मला एव्हाना ठाऊक होतं. मी टकटक केलं. आवाज बसका आला.

"थांबा," मी म्हटलं. "आत ओलं आहे."

"मीटर तेरा सांगता."

"हा मीटर पाऊण इंच आत बघतो. वरून पाऊण, खालून पाऊण. फळी दोन इंचाची आहे. मधला अर्धा इंच त्याला दिसतच नाही. आपण घाईने तापवलं. वरचं कवच सुकलं, आतलं पाणी कोंडलं गेलं."

"कशावरून?"

"लांब सुयांचा मीटर पाहिजे. हातोडीने मधोमध ठोकायचा. मग कळेल."

"आणि म्हातारेक काय सांगतलस?" शेटने विचारलं. "तुमच्या झाडाक परत खिळो मारूचो असा म्हणून?"

हाच प्रश्न होता. न टोचता कापलं तर कदाचित सगळं नीट झालं असतं. कदाचित दार पुढच्या चैत्रात वाकलं असतं, फाटलं असतं, आणि मग काहीच उरलं नसतं. मी शेटला म्हटलं, एक दिवस द्या. तो कुरकुरला. "तुजा आंदोलन आता माज्या खोलीत इला," तो म्हणाला. पण दिला.

हळर्णला पोचले तेव्हा काकी अंगणाच्या उरलेल्या पट्टीत लाल भाजी खुडत होती. पाच हातांवरून गाड्या जात होत्या. मी सगळं सांगितलं. तिने हातातली जुडी बाजूला ठेवली. "देवीक विचारूया," ती म्हणाली.

मी देवाबिवाच्या फंदात पडत नाही, हे तिला ठाऊक होतं. तरी गेले. आमच्याकडे देवाला प्रसाद लावतात. म्हणजे देवीच्या पाषाणावर पाण्याने पाकळ्या चिकटवायच्या, गुरवाने गाऱ्हाणं घालून प्रश्न सांगायचा आणि वाट बघायची. उजवीकडची पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. लग्नं, घरं, भांडणं, सगळं त्या पाकळ्यांवर ठरतं.

गुरवाने पाकळ्या लावल्या. फळ्यांना सुई टोचायची की नाही, असं गाऱ्हाणं त्याने आयुष्यात पहिल्यांदाच घातलं असेल. आम्ही बसलो. श्रावणाची हवा, गाभाऱ्यात ओल, समया. एकही पाकळी हलेना. इतर लोक येऊन गेले. गुरव मला म्हणाला, "पावसाळ्यात असाच होता. सुकूक वेळ लागता."

माझी चुळबुळ सुरू झाली. शेटने एकच दिवस दिला होता. "काकी, किती वेळ बसायचं?"

"देवसुद्धा पाकळी सुकायची वाट बघता," काकी समोर बघतच म्हणाली. "तुजो शेट कोण लागून गेलो?"

मला हसू आलं. गुरवही तोंड फिरवून हसला. पाकळ्या तशाच राहिल्या, ना उजवी ना डावी. शेवटी काकी गुडघ्यांवर हात ठेवून उठली, देवीला नमस्कार केला.

"ती काय सांगणा नाय," ती पायरीवर चपला शोधत म्हणाली. "म्हणजे माज्यारच टाकलीन. टोच तू. पण टोचताना मी थयसर असतलंय. त्या टायमाक मी घरात भाकरी करी होतंय. आवाज इलो, बायेर येवन बघतंय तर खिळो मारून झालेलो."

शेटने सुयेवाला मागवला. हातोडीसकट, लांब सुयांचा. कुरकुरला, पण मागवला. काकी दुसऱ्या दिवशी आली. नऊवारी नेसून आली होती, जणू कुणाच्या कार्याला. आम्ही एक फळी बाकावर ठेवली. तिने तिच्यावर दोन्ही तळवे ठेवले. मी सुया बरोबर मधोमध धरल्या. हातोडी मारताना माझेच डोळे मिटले, हे मी इथे लिहिते आहे कारण शेटने ते सगळ्यांना सांगितलंच आहे.

वरच्या थरात तेरा. आणखी ठोकलं. सोळा. सुया मधल्या भागात पोचल्या तेव्हा आकडा थरथरला आणि स्थिर झाला. बावीस.

"बघा!" मी शेटकडे वळून ओरडले. "बावीस! कापलं असतं तर—"

काकीने माझं बोलणं तोडलं. "किती?"

"बावीस, काकी. आत अजून पाणी आहे."

तिने फळीवरचे तळवे उचलले नाहीत. तिच्या तोंडावर जे आलं ते मी त्या अंगणातही पाहिलं नव्हतं आणि नंतरही कधी पाहिलं नाही. "म्हणजे अजून असा," ती म्हणाली. अगदी हळू, फळीलाच सांगत असल्यासारखी.

माझी जीत झाली होती आणि ती साजरी करायची मला लाज वाटली.

चवथीचं काय ते मी विचारायच्या आधीच तिने ठरवून टाकलं. "गणपती येतलो पत्र्याच्या दारातसून. तो काय दार बघूक येणा नाय. तू हळू सुकव." फळ्या खोलीतून काढून परत सावलीत रचल्या. शेटची खोली मोकळी झाली, त्यामुळे तो भांडला नाही, फक्त आठवडाभर सुस्कारे टाकत फिरला. पाऊस गेला, दिवाळी गेली, थंडीचा कोरडा वारा सुटला. मग पुन्हा थोडे दिवस खोलीत, मंद आचेवर, भात मुरवतात तशा. माघात वर, खाली, मध्ये, सगळीकडे चौदा. मग कापलं.

त्या खोलीची मला अजून आठवण येते. फणस सुकताना तिथे एक वास यायचा. गऱ्यांचा नव्हे. मधासारखा, किंचित आंबूस. सकाळी दार उघडलं की तो अंगावर यायचा आणि संध्याकाळी साखळीच्या बसमध्ये माझ्या केसांतून यायचा. शेजारची बाई वळून बघायची. पंख्यांची घरघर इतकी सवयीची झाली होती की पंखे बंद पडले की आम्ही सगळे दचकून वर बघायचो. शेट रोज विचारायचा, "आज कोणाक शिव्या घालतलस?" आणि मी रोज कुणाचं तरी नाव सांगायची.

ते आता नाही. शेटचं वय झालं. मुलांनी तिथे तयार दारांची एजन्सी घेतली. प्लास्टिकची, फुगत नाहीत, आकसत नाहीत, वास येत नाही. ती सुकवायला लागत नाहीत, कारण ती कधी ओलीच नव्हती. सुकवणीच्या खोलीत आता त्यांचे खोके रचलेत. माझी पाटी अजून दारावर आहे. कुणी काढायची तसदी घेतली नाही, आणि आता ती कुणाला लागूही पडत नाही. निघताना शेटने इस्त्री स्वतःला ठेवली आणि सुयेवाला माझ्या हातात दिला. "तू टोचत रव," म्हणाला.

गेल्या आषाढात हळर्णला गेले. रस्ता पुरा झालाय, गुळगुळीत. गाड्या इतक्या जोरात जातात की घर कुठे लागतं ते चुकतं. मला फणसावरून ओळखायची सवय होती. आता दारावरून ओळखलं. पिवळं राहिलं नाही ते. फणस हळूहळू तांबूस होत जातो. चांगलं धरलंय, कुठे चीर नाही. मी दोनदा बोटं फिरवून पाहिलं.

उघडायला गेले तर अडलं. खालून घासत होतं. फट ठेवली होती आम्ही, तरी. आतून काकीने ओढलं, बाहेरून मी ढकललं, तेव्हा उघडलं.

"फुगलंय," मी म्हटलं. धंद्यात ही तक्रार असते. मला वाईट वाटलं. "वाडीतल्या सुताराला बोलवूया. खालून एक हात रंधा मारला की झालं."

"थांब," काकी म्हणाली. "तुजा यंत्र हाडलस?"

पिशवीत होतं. नेहमी असतं. डाव्या फळीवर, तिच्या हाताच्या उंचीवर, आम्ही मारलेली ती दोन भोकं अजून आहेत. ती मेणाने बुजवायची असं ठरलं होतं, तिने बुजवू दिली नव्हती. जुन्या भोकांत परत सुया घालू नयेत, आकडा नीट येत नाही, हा नियम मीच सगळ्यांना शिकवायची. मी त्याच भोकांत सुया घातल्या.

"सतरा," मी म्हटलं. "चौदा होतं. आता सतरा."

"वाडला?"

"वाढलं. पाणी ओढून घेतलंय."

काकीने भोकांच्या बाजूला तळवा ठेवला, त्या दिवशी बाकावर ठेवला होता तसा. समोरून एक ट्रक गेला आणि दार किंचित थरथरलं.

"पाणी खयचा गो ह्या?"

मी अंगणाकडे पाहिलं. म्हणजे रस्त्याकडे. डांबरावरून पाऊस वाहत होता. त्याच्या खाली कुठेतरी बाव होती.

"हयचाच, काकी," मी म्हटलं. "दुसरीकडचं कुठून येणार?"

"मगे रंधो मारूचो नाय," ती म्हणाली आणि दाराला खांदा लावला. "पिऊंदे."